पद्मिनीचं टायमिंग : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, चढलं, टॅपेट लावून झाले, दुपारी इंजिन सुरू झालं. इथून पुढच्या नोंदी दोनच गोष्टींच्या : ठिणगी कधी पडावी, म्हणजे टायमिंग, आणि टाकीत काय असावं.

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी. मामांची होती, आता माझ्याकडे. मूळ इंजिन १०८९ सीसी, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. रिबोअर करून अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन घातले, त्यामुळे बोअर आता ६८.५ आणि एका सिलिंडरचं आकारमान २७६.४ सीसी. हेड खाली होतं तेव्हा ब्युरेटने पातळ तेल सोडून ज्वलनकक्ष मोजला होता. गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरची जागा धरून एकूण ४० सीसी भरले, म्हणजे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ७.९. फेसिंगनंतर, म्हणजे हेडचा तळ यंत्रावर घासून घेतल्यावर, तीच जागा ३४.५ सीसी राहिली. २७६.४ मध्ये ३४.५ मिळवून ३४.५ने भागलं की ९.० येतं. हेड जेवढं खाली आलं तेवढ्याच जाडीच्या शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, रॉकर शाफ्टच्या पायांखाली घातल्या, नाहीतर पुशरॉड लांब पडले असते. कार्ब्युरेटर ३२चा, एका घशाचा वेबर. डेल्को, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी देणारा डिस्ट्रिब्युटर, आधीच कोणीतरी बदललेला आहे, व्हॅक्यूमची डबी असलेला. पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क) मात्र जुन्या पद्धतीचेच, आणि ते तसेच ठेवायचे आहेत.

पुस्तकात टायमिंगचा आकडा दिलेला आहे. तो कंपनीने ज्या इंजिनासाठी काढला त्याचं कॉम्प्रेशन कमी होतं, कार्ब्युरेटर दुसरा होता आणि पेट्रोलमध्ये शिसं होतं. शिसं तर देशभरातून १ फेब्रुवारी २०००पासून गेलं. आज आमच्या गाडीत त्यातलं काहीच उरलेलं नाही, तेव्हा तो आकडा सुरुवात म्हणूनही मला धरायचा नाही. या इंजिनाला, इथल्या पंपावरच्या पेट्रोलवर, इथल्या उन्हात काय हवं ते मोजूनच काढायचं.

एक गोष्ट मनात असते ती इथे लिहून ठेवते. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापुरात जन्मलेले, १८८२ साली. गाडी तयार झाली कुर्ल्याच्या कारखान्यात, पण तिचं मूळ एका अर्थाने इथलंच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. उरलेल्या गाड्या नीट चालत्या ठेवणं आता ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांच्याच हातात आहे.

२ फेब्रुवारी

आज फक्त खुणा.

पुलीवरच्या जुन्या खुणेवर विश्वास ठेवून पुढचं सगळं मोजण्यात अर्थ नाही, म्हणून पिस्टनचा खरा वरचा बिंदू काढला. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून तिथे जुन्या प्लगच्या सांगाड्यात बोल्ट बसवून केलेला अडसर घातला. इंजिन हाताने एका दिशेने फिरवून पिस्टन अडसराला टेकला की पुलीवर एक रेघ, उलट दिशेने फिरवून टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे वरचा बिंदू. कंपनीची खूण त्यापासून जवळजवळ दोन अंश सरकलेली निघाली.

पुलीचा व्यास १३० मिमी, घेर ४०८ मिमी, म्हणून एक अंश म्हणजे १.१३ मिमी. कागदाची पट्टी कापून त्यावर दर दोन अंशांना रेघ काढली, ४० अंशांपर्यंत, आणि ती पुलीला चिकटवून वरून वार्निश मारलं. डायल असलेली टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) घेतली तर हा खटाटोप वाचतो हे खरं. पण पट्टी डोळ्यांसमोर असली की वेग वाढताना खूण कशी सरकते ते सलग दिसतं. मला तेच पाहायचं आहे.

अण्णा, म्हणजे आमचे मिस्त्री, विजापूर रोडच्या गॅरेजमधून संध्याकाळी चक्कर मारून गेले. ते टायमिंग कानाने लावतात : डेल्को हळूहळू फिरवायचा, इंजिन जिथे सगळ्यात मोकळं फिरतं तिथून केसभर मागे आणायचा आणि बोल्ट आवळायचा. "ताई, असं लावूनच हजारो गाड्या गेल्या की ओ," म्हणाले. गेल्या, आणि चांगल्या गेल्या. पण तो आवाज रिकाम्या इंजिनाचा असतो. घाटात तिसऱ्या गिअरवर चार माणसं घेऊन चढताना सिलिंडरमध्ये काय होतं ते आयडलिंगला ऐकू येत नाही. जुन्या कॉम्प्रेशनला मोकळीक भरपूर होती म्हणून चालून जायचं, ९.०ला ती मोकळीक राहिलेली नाही. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग घाटातच ऐकू. ते मी धरून ठेवलं आहे.

९ फेब्रुवारी

टायमिंग लाइट लावली तर खूण एका जागी थांबेना, चार अंशांत नाचत होती. झाकण काढून फिलर गेज लावला. एका कॅमवर पॉइंटची फट ०.४० मिमी, दुसऱ्यावर ०.३३. शाफ्ट हाताने हलवला तर खट् खट् हलतो. डेल्कोचा बुश गेलेला.

असा बुश असेल तर चारही सिलिंडरना वेगवेगळं टायमिंग मिळतं. मग आपण जुळवतो ते एकाच सिलिंडरचं, आणि जो सगळ्यात पुढे आहे तो नॉकिंग करतो, म्हणजे त्यात मिश्रण आपोआप पेटून ठोके बसतात. अशा वेळी मिस्त्री पूर्ण टायमिंग मागे घेतात आणि उरलेले तीन सिलिंडर विनाकारण मार खातात. म्हणून बुश झाल्याशिवाय पुढचं काहीही करायचं नाही.

नवा डेल्को मागवण्यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्याकडे शाफ्ट दिला. चादरी-टॉवेलच्या या गावात फॉस्फर ब्राँझचा बुश करणारा हात शोधावा लागत नाही. मागाचे बुश दिवसरात्र फिरतात, त्याच्यापुढे हा तर छोटासाच.

१४ फेब्रुवारी

बुश आला. शाफ्ट तेलावर फिरतो, बोटाला खेळ लागत नाही. चारही कॅमवर फट ०.४०. कंडेन्सर नवा. लाइटखाली खूण स्थिर.

क्रम लिहून ठेवते, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. आधी पॉइंटची फट, मग टायमिंग. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, कमी केली की मागे येतं. टायमिंग लावून झाल्यावर फट बदलली तर पहिलं काम फुकट.

२३ फेब्रुवारी

पेट्रोल तपासलं. उंच काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवलं आणि तसंच उभं ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर वाढतो. दहाचा थर सत्तावीस-अठ्ठावीसवर आला. ९० मिलीत १८ मिली इथेनॉल म्हणजे वीस टक्के. होटगी रोडच्या आणि तुळजापूर नाक्याकडच्या पंपांवरचं पेट्रोल वेगवेगळं तपासलं, फरक नगण्य. म्हणजे पंप कुठलाही असो, आपल्याला ई२०वरच काम करायचं आहे.

ई२० फेब्रुवारी २०२३पासून काही पंपांवर सुरू झालं आणि आता सगळीकडे तेच आहे. आपल्या जिल्ह्यात उसाचं आणि साखर कारखान्यांचं प्रमाण एवढं आहे की त्या वीस टक्क्यांतला काही भाग इथल्याच मळीचा किंवा रसाचा असणार. मला याचं वाईट वाटत नाही. जुन्या गाडीवाल्यांनी इथेनॉलच्या नावाने नुसती बोटं मोडण्यापेक्षा त्याचे गुणदोष आकड्यांत धरावेत आणि गाडी त्याला जुळवून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

गुण आधी. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप पेटण्याला विरोध, १०८च्या आसपास, त्यामुळे ई२०चा ९५पर्यंत जातो. आधीचं साधं पेट्रोल ९१ होतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, ती आत जाणाऱ्या हवेतून ओढली जाते आणि मिश्रण थंड होतं. ९.० कॉम्प्रेशनला आणि सोलापूरच्या उन्हाळ्याला दोन्ही गोष्टी हव्याच आहेत.

आता दोष. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणून ई२०च्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी. त्याला हवाही कमी लागते : शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग, इथेनॉलला ९, ई२०ला साधारण १३.५. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो जुन्या जेटने, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाने, जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. पातळ मिश्रण गरम जळतं, सावकाश जळतं, आणि ऑक्टेनने दिलेलं हातचं जातं. ई२० घातल्यावर गाडी तापते, पिकअप गेला अशी तक्रार करणाऱ्या किती जणांनी जेट पाहिला असेल?

रबराचं काम आजच उरकलं. पेट्रोलची जुनी नळी आतून फुगून मऊ झाली होती. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळीकडे वायटॉनची नळी, पंपाचा डायफ्रॅम नवा, फिल्टर पारदर्शक. पहिले काही आठवडे फिल्टरमध्ये तांबूस गाळ येत राहणार, कारण इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून आणतं. रोज बघायचा.

२ मार्च

लॅम्डा सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा) बसवला, एक्झॉस्टच्या चार नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे. मीटरवर हवा-पेट्रोलचं प्रमाणही दाखवता येतं, पण ते शुद्ध पेट्रोल धरून काढलेलं असतं. ई२०वर ते वाचलं तर फसगत होते. लॅम्डा वाचावा. इंधन कुठलंही असो, १.०० म्हणजे बरोबर, वर गेला तर पातळ, खाली आला तर जाड.

मोठ्या भावाने गाडी चालवली, मी शेजारी मीटर घेऊन. १२०च्या (१.२० मिमी भोकाच्या) मेन जेटवर ६०च्या सरळ वेगाला लॅम्डा १.०९, पूर्ण थ्रॉटलला ०.९६. दोन्ही पातळ. पूर्ण थ्रॉटलला मला ०.८८च्या जवळ हवा आहे.

हिशेब केला. १४.७ भागिले १३.५ म्हणजे वजनाने नऊ टक्के जास्त इंधन. ई२०ची घनता किंचित जास्त, म्हणून आकारमानाने पावणेआठ टक्के. जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढायचं तर व्यास पावणेचार टक्क्यांनी वाढला पाहिजे. १२०चे होतात १२४.५, बाजारात मिळतो १२५. तोच बसवला.

संध्याकाळी त्याच रस्त्यावर : ६०ला १.००, पूर्ण थ्रॉटलला ०.८८. कागदावरचं गणित रस्त्यावर असं उतरलं की फार बरं वाटतं. आयडल जेट ५०चा काढून ५५चा घातला, सिग्नलवरून निघताना पाय दिल्यावर जो खड्डा पडायचा तो गेला. तापमानाचा काटाही मधल्या खुणेच्या खाली राहिला. टायमिंगला अजून हात लावलेला नाही.

९ मार्च

आता टायमिंग.

ठिणगी पडल्यावर मिश्रण एकदम पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. दाबाचा कळस पिस्टन वरच्या बिंदूवरून पंधरा अंशांच्या आसपास खाली आला असताना यावा, तिथे क्रँकला सगळ्यात चांगला रेटा मिळतो. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे काम डेल्कोच्या आतल्या वजनांचं आणि स्प्रिंगांचं. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्यातले १० अंश पुलीवर २० दिसतात.

व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं आणि फक्त वजनांचा आलेख घेतला. ठिणगी आयडलिंगला वरच्या बिंदूच्या १० अंश आधी, १५०० आरपीएमला १८, २२०० ला २७, आणि २५०० ला ३०वर येऊन थांबतो. स्प्रिंग सैल आहेत, सगळं फार लवकर येतं. तूर्त तसंच ठेवलं.

मग हैदराबाद रोडला, पहाटे, रस्ता रिकामा असताना. तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, ४० ते ७० किमी लागणारा वेळ फोनच्या जीपीएसवर. दोन्ही दिशांना घेऊन सरासरी. डेल्को फिरवून कमाल टायमिंग बदलत गेले. २६ अंशांना ११.६ सेकंद, २८ला ११.१, ३०ला १०.८, ३२ला १०.७, ३४ला पुन्हा १०.८.

हा आलेख वरती सपाट आहे. ३० आणि ३२मधला दशांश सेकंद माझ्या मोजणीच्या चुकीत बसतो. ताकद जिथे वाढायची थांबते त्याच्या अलीकडच्या काठावर राहायचं. पुढच्या चार अंशांत फायदा काही नाही आणि नॉकिंगचा धोका तेवढा वाढतो. कमाल ३०, आयडलिंग १०.

१८ मार्च

प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, घेतले. आकडे कंपनीप्रमाणे उलटसुलट चालतात : एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये कमी झाला की थंड. दुकानात सांगताना कंपनी आधी सांगायची.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून आईला घेऊन तुळजापूर. जाताना घाटात, तिसऱ्या गिअरवर, ४०च्या जवळपास, थ्रॉटल पूर्ण दाबलेला असताना पत्र्यावर वाळू पडावी तसा बारीक आवाज आला. पाय थोडा उचलला की गेला. नॉकिंग. आईला ऐकू आलं नाही, मला आणि भावाला आलं. दुसऱ्या गिअरवर घेऊन उरलेला घाट चढलो. दर्शन छान झालं.

सपाट रस्त्यावर हे आलं नव्हतं, कारण तिथे ४०वरून गाडी पुढे पळते आणि २२०० आरपीएमला क्षणभरच असते. घाटात ती तिथेच अडकून राहते.

६ एप्रिल

अण्णा म्हणाले होते घाटात ऐकू, तर आज त्यांना घेऊनच गेलो. ऐकायचं साधन घरी केलं : तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून त्याला भोक पाडलं आणि ब्लॉकच्या बोल्टखाली आवळलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती डॅशबोर्डखालून आत आणून कानावरच्या आवाजबंद मफला जोडली. ब्लॉकमधला प्रत्येक ठोका कानात येतो. अण्णांनी मफ लावले आणि पहिल्याच चढाला हात वर केला. उघड्या कानाला अजून काहीच आलेलं नव्हतं.

नॉकिंग म्हणजे काय ते इथे नीट लिहिते. ठिणगीपासून निघालेली ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत कोपऱ्यातलं दाबलेलं, तापलेलं मिश्रण आपोआप पेटतं. तो स्फोट पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या कडांवर आणि हेड गॅस्केटवर हातोड्यासारखा बसतो. त्यासाठी गरम हवा, जास्त दाब, पातळ मिश्रण आणि आपोआप पेटायला पुरेसा वेळ लागतो. कमी वेगाला वेळ भरपूर असतो, म्हणून घाटात ४०ला येतं आणि सपाटीवर ७०ला येत नाही.

अण्णांचा पहिला विचार पूर्ण डेल्को तीन अंश मागे घ्यायचा. तसं केलं की नॉकिंग गेलं, पण ४० ते ७०चा वेळ ११.२वर गेला आणि आयडलिंग जड झालं. अडचण २२०० आरपीएमपाशी आहे, तर दुरुस्तीही तिथेच हवी. आयडलिंगचे १० बरोबर आहेत, कमाल ३० बरोबर आहेत, मधला चढ तेवढा फार उभा आहे.

डेल्को उघडून दोनपैकी एक स्प्रिंग जास्त ताणाची घातली. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या डब्यात वेगवेगळ्या जाडीच्या होत्या, त्यांतून जुळवली. नवा आलेख : १५०० ला १५, २२०० ला २२, २७०० ला २७, ३२०० ला ३०. संध्याकाळी पुन्हा घाट. अण्णा मफ लावून बसले होते, हात वर झाला नाही. उतरल्यावर म्हणाले, "आता बरोबर बसलं बघा, स्प्रिंगीनं काम केलं." ४० ते ७० : १०.९.

१३ एप्रिल

व्हॅक्यूमची नळी परत जोडली. अर्ध्या थ्रॉटलला सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, त्याला आणखी आधी ठिणगी लागते. डबी १० अंश देते, म्हणजे महामार्गावर सरळ चालताना एकूण ४०. थ्रॉटल दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि ते १० आपोआप जातात, त्यामुळे नॉकिंगशी संबंध नाही. जोडणी थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या छिद्राला केली, म्हणजे आयडलिंगला डबी झोपलेली राहते. पुष्कळ मॉडिफाइड गाड्यांत ही नळी काढून टाकलेली दिसते. ताकदीत फरक पडत नाही म्हणून लक्षात येत नाही, पण ॲव्हरेज जातं.

२० एप्रिल

दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर गाडी बंद पडली. शेडमधल्या थर्मामीटरवर ४२. फिल्टरमध्ये पेट्रोलऐवजी बुडबुडे. व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ.

इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलं की पेट्रोलचा वाफदाब वाढतो, हा ई२०चा उन्हाळ्यातला खरा त्रास. पंप इंजिनाला चिकटलेला, नळी एक्झॉस्टच्या शेजारून गेलेली. नळीची वाट बदलून बंपरच्या बाजूने घेतली, एक्झॉस्टवर पत्र्याचं कवच, कार्ब्युरेटरखाली १० मिमी बेकलाइटचा तुकडा, आणि फिल्टरपासून टाकीकडे परतीची बारीक नळी, म्हणजे पेट्रोल फिरत राहतं आणि वाफ परत जाते.

२७ एप्रिल

दुपारी तीनला मुद्दाम घाट. थर्मामीटर ४३. तिसरा गिअर, ४०, पूर्ण थ्रॉटल. मफमध्ये दोन-तीन हलके ठोके, उघड्या कानाला काही नाही. डेल्को एक अंश मागे : आयडलिंगला ९, कमाल २९. ठोके गेले. ऊन असेपर्यंत इथेच ठेवते. सिग्नलवर आता बंद पडत नाही.

४ मे

पुण्याला काम होतं. गाडीच घेऊन गेले, टाकी जवळजवळ रिकामी करून, आणि तिथे इंडियन ऑइलचं एक्सपी१०० भरलं : १०० ऑक्टेन, इथेनॉल नाही, साध्या पेट्रोलच्या दीडपट दर. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण विचारतात की हेच घालत राहिलं तर सगळे प्रश्न सुटतील का. उत्तर मोजूनच द्यायचं ठरवलं होतं.

भरल्याबरोबर १२५च्या जेटवर पूर्ण थ्रॉटलचा लॅम्डा ०.८१. फार जाड, एक्झॉस्टला काळा धूर, गाडी जड. अपेक्षित होतं, म्हणून १२०चा जुना मेन जेट खिशात होता. रस्त्याकडेला वीस मिनिटांत बदलला, लॅम्डा ०.८८वर आला. मग सोलापूरपर्यंत सरळ, ६५-७०च्या वेगाने. ॲव्हरेज १४.४.

११ मे

उरलेल्या एक्सपी१००वर चाचण्या. घाटात आयडलिंगचं टायमिंग ९ अंश ठेवून, १० ला, १२ ला, मफमध्ये पूर्ण शांतता. म्हणजे नॉकिंगपासूनची मोकळीक नक्की वाढली. पण ४० ते ७०चा वेळ : कमाल ३० ला १०.८, ३२ ला १०.८, ३४ ला १०.९. ई२०वर ३० ला १०.९ होता. ऑक्टेन म्हणजे आपोआप पेटण्याला केलेला विरोध, त्यात ताकद साठवलेली नसते. इंजिनाला ३० अंशांवर जे मिळायचं ते मिळून जातं आणि ई२० त्या ३०पर्यंत न कुरकुरता पोचू देतं. १०० ऑक्टेनची मोकळीक वापरायला या इंजिनाकडे जागाच नाही. कॉम्प्रेशन १०च्या पुढे असतं तर गोष्ट वेगळी होती.

१८ मे

१२५चा जेट, ई२०, पुण्याहून सोलापूर, त्याच वाटेने, त्याच वेगाने. ॲव्हरेज १३.५. एक्सपी१००पेक्षा सहा टक्क्यांहून किंचित जास्त घट, उष्मांकाच्या हिशेबात नेमकी बसणारी. रुपयांत मात्र ई२० खूपच स्वस्त पडतं.

तर पेट्रोल ठरलं : पंपावरचं साधं ई२०. एक्सपी१०० फक्त गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तेव्हा, कारण ई२० हवेतली ओल धरतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते. तेव्हाही पेट्रोल बदललं की जेट बदलायचा. दोन्ही जेट चिठ्ठी लावून टूलकिटमध्ये ठेवले आहेत.

१ जून

यंदा मेमध्येच पाऊस आला. थर्मामीटर २९, हवा दमट. गार आणि ओलसर हवेत मिश्रण आपोआप पेटायला नाखूश असतं, म्हणून डेल्को परत एक अंश पुढे, १० आणि ३०. घाटात मफ लावून दोनदा चढले, एकही ठोका नाही.

पॉइंटची फट मोजली तर ०.३७. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. लाइटखाली आज सकाळी ९ऐवजी ७ दिसत होतं, ते कमी झालेले दोन अंश या झिजेचेच होते. टाचेला ग्रीसचा ठिपका, फट ०.४०, मग लाइट लावून १०. पुढची तपासणी दोन हजार किमीला.